न वाचलेला कागद

टाइपअण्णा वाचून दाखवल्याशिवाय कागद मशीनमधून काढत नसत. पौडच्या कचेरीसमोर चिंचेखाली त्यांचं टेबल होतं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, अण्णा पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचत. कुणी वैतागलं तर म्हणत, "सही तुझी हाय, पन टायपिंग माझं हाय. ऐक."

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आम्ही काही जणांनी उमेदवारांची शपथपत्रं इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. शिक्षण, जमीन, कोर्टातले खटले, सगळं मतदारांना दिसावं म्हणून. कामांची यादी माझ्याकडे होती आणि 'मराठी टायपिंग' पुढे एकच नाव होतं. अण्णा पौडजवळच्या कासार आंबोली गावात माझ्या घरी येऊन कॉम्प्युटरवर बसले. "ह्यात कागद खोचायचा कुटं?" एवढीच तक्रार. पडद्यावरचं पानही ते मोठ्यानं वाचत. ऐकायला मी एकटी.

तिसऱ्या दिवशी वाचता वाचता थांबले. समोर त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं शपथपत्र होतं. खटल्यांपुढे 'निरंक'. बांधावरच्या मारामारीची त्याची केस कोर्टात चालू होती.

"म्याडम, हे मीच टायपलंय. त्येनं लिहून आनलं, माझी बोटं चालली. घरचाच हाय म्हनून वाचलं न्हाई."

दाखल झालेल्या कागदात आम्हाला अक्षरही बदलता येत नव्हतं. अण्णा पुतण्याला भेटून आले. त्याचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं, "अण्णा, नेटवर कोन बघतंय? तुमी गप ऱ्हावा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचंच शपथपत्र करून आणलं. हा कागद मी टाइप केला, खटला मला माहीत होता, वाचून दाखवला नाही, तीन ओळी. "त्येच्या कागदाखाली लावा."

"घरी काय म्हणतील?"

"यादी तुमची, घर माझं. लावा."

त्या पानाच्या प्रती कुणीतरी एसटी थांब्यावर चिकटवल्या. पुतण्या पडला. भावाच्या घरून अण्णांना गणपतीचं बोलावणं येईनासं झालं. टेबल मात्र ते रोज वेळेवर मांडत.

दोनेक वर्षांनी मी एका अर्जासाठी अण्णांकडे गेले, तर माझ्यापुढे पुतण्या उभा. ग्रामपंचायतीला उभा राहत होता. अण्णांचं टायपिंग संपलं तसा तोच म्हणाला, "वाचा." अण्णा नेहमीच्या आवाजात वाचत गेले. खटला क्रमांकासकट कागदावर होता.

पुतण्यानं सही केली. पेन तसंच धरून विचारलं, "गनपतीला येताय न्हवं?"

अण्णांनी कागदावर बोट ठेवलं. "आदी सहीखाली तारीख घाल."