विहिरीतला पुजारी

"काल आम्ही अख्खं गाव जाळलं, काकू," हे तो जिन्यात, दुधाची पिशवी हातात धरून सांगायचा. नळाला पाणी आलं म्हणावं इतक्या सहज. एकदा तर म्हणाला, "काल माझा उजवा हात तुटला," आणि त्याच हाताने माझं दळण वर आणून दिलं.

शांती नगरात तो बरोबर माझ्या वरच्या घरात राहायचा. विम्याच्या ऑफिसात नोकरी, आईवडील कराडला. रविवारी दुपारी त्याच्याकडे मित्र जमायचे. एकाने गोष्ट रचत जायची, बाकीच्यांनी त्यातला योद्धा, चोर, मांत्रिक व्हायचं आणि पुढे काय घडतं ते फाशांवर ठरवायचं. एवढाच खेळ. पण फासे दिसले म्हणून तळमजल्यावरच्या शेठनी जुगार ठरवला. समोरच्या भाभी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दीदी, ये लोग काला जादू करते हैं." बाकीच्यांचं मत, असले खेळ खेळणारे म्हणजे बिनकामाचे, अंघोळीचे चोर आणि जन्माचे ब्रह्मचारी. तुमच्याही इमारतीत हेच म्हणाले असते. अहो, त्यांच्यात एक दातांची डॉक्टर होती! अंघोळीचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. त्याचे शर्ट बघून शंका यायची.

ब्रह्मचाऱ्याचं मी मनावर घेतलं. माझ्या चुलत नणंदेची मुलगी शाळेत शिकवायची. तिचा फोटो दाखवला तर स्वारी येताजाता विचारू लागली, "काकू, त्यांचं काही कळलं का?" शेवटी माझ्याच घरी कांदेपोहे ठरवले आणि बजावलं, "त्या खेळाचं नाव काढशील तर बघ!"

इस्त्रीचा शर्ट घालून आला बिचारा. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. मित्रमंडळी त्या दिवशी दुसऱ्याकडे खेळत होती आणि याच्यावाचून त्यांचं अडलं होतं. हा खिडकीशी गेला, पण आवाज कसला हळू! "नाही, पुजाऱ्याला मारू नका. हातपाय बांधा आणि विहिरीत सोडा. मी संध्याकाळी येऊन बघतो."

मुलीच्या वडिलांनी ताटली खाली ठेवली. मी घाईघाईने म्हटलं, "ऑफिसचं काहीतरी असेल."

"नाही काकू, खेळ आहे," हा म्हणाला. "काका, मी दर रविवारी खेळतो."

"एवढा घोडा झालाय आणि खेळतोय?" वडील उठलेच. "चल गं." पोरगी दारात वळून काहीतरी विचारणार होती, पण त्यांनी तिला बोलूच दिलं नाही.

मी त्याला चांगला झापला. "एक दिवस फोन बंद ठेवला असतास तर तुझा पुजारी मरणार होता का?"

"मेलाच असता, काकू." मग मान खाली घालून म्हणाला, "मुलगी मला फार आवडली होती हो."

मला कसंतरीच झालं. त्याला आणखी पोहे वाढले, दुसरं काय करणार?

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात तीच पोरगी, एकटी.

"अगं, बाबांना माहितीये?"

"सांगून आलेय. मामी, त्यांचं घर वरचंच ना? आठवडाभर मला चैन नाही. तो पुजारी अजून विहिरीतच असेल. त्याला बाहेर काढायला आलेय."

लग्नानंतर वरून तिचाच आवाज जास्त यायचा. आता दोघं पुण्याला असतात. वर नवं बिऱ्हाड आलंय, अगदी शांत माणसं आहेत. खरं सांगते, रविवारी दुपारी मला मुळीच करमत नाही.