हिरव्या पानाच्या पेट्या

चिंचणीची हेमांगी बोईसरजवळच्या एका पॅकिंग कंपनीत माल तपासायला होती. कंपनी मासळी पाठवायच्या थर्माकोलच्या पेट्या बनवायची. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या ऑफिसातून नोटीस आली, पर्यावरणाला जपणारा नवा माल सुचवा. हेमांगीने भाताच्या पेंढ्याचा लगदा दाबून पेटी करायचं सुचवलं. तलासरीकडे पेंढा हवा तेवढा मिळत होता.

पहिल्या पेट्यांचे तळ बर्फाच्या पाण्याने सुटले. मग तिने आतून मेणाचा थर दिला, कधी पातळ, कधी जाड. सातव्या खेपेची पेटी तिच्या आईने, देवकीने, पापलेटं आणि बर्फ भरून डहाणूच्या बाजारात नेली. देवकी आयुष्यभर मासळी विकत आलेली. दुपारी घरी येऊन ती म्हणाली, "अर्धा बर्फ तसाच आहे. मला अशाच पेट्या दे."

मॅनेजर जिग्नेशभाईंनी चाचणीचे कागद पुढे मुंबईच्या कमिटीकडे पाठवले. अकरा महिन्यांत हेमांगीने तीच चाचणी चारदा केली. दर वेळी कमिटीत नवा माणूस आलेला असे आणि त्याला सगळं मुळापासून सांगावं लागे. पेंढा कुठला, मेण कसलं, ओझं किती पेलतं. चौथ्या वेळी तिला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला.

शेवटी जिग्नेशभाईंनी बोलावलं.

"पेंढ्याचं काम थांबलं. नवी मशीन घ्यावी लागते, मुंबईला ते नको. थर्माकोलमध्ये थोडा जुना थर्माकोल मिसळायचा आणि वर हिरवं पान छापायचं ठरलंय. चाचणीच्या कागदावर तुझी सही लागेल."

हेमांगीने कागद वाचला. 'पर्यावरणपूरक' असं लिहिलं होतं.

"भाई, ही पेटी समुद्रात गेली तर कुजणार नाही."

"ते कोण बघायला जातंय?"

"आम्ही किनाऱ्यावरच राहतो. मी सही करणार नाही."

त्यांनी आवाज चढवला नाही. "तुझ्या मेहनतीची मला कल्पना आहे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिला माल लोडिंगवर पाठवलं आणि तिच्या जागी आलेल्या विनोदने सही केली. पेंढ्याच्या पेटीचा साचा भंगारात निघाला. तिने तो मागितला, तेव्हा कंपनीची मालमत्ता बाहेर देता येत नाही, असं उत्तर मिळालं.

आता ती हिरव्या पानाच्या पेट्या मोजून ट्रकमध्ये चढवून घेते. दुसरीकडे तीन अर्ज टाकलेत, अजून एकाचंही उत्तर नाही. आई पेंढ्याच्या पेट्यांचं विचारते तेव्हा हेमांगी चिडते, आणि मग आईवर चिडले म्हणून स्वतःवरच.