गावपळणीत लावलेली ब्ल्यू-रे

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मग वाचा. कारण या सदरातले अनुभव वाचून सगळ्यांत मोठ्याने हसणारा माणूस म्हणजे मीच. मालवणात माझं सीडी भाड्याने द्यायचं दुकान आहे आणि भयपटांचं कपाट हा माझा खास जिव्हाळा. भूत म्हणजे मेकअप, रक्त म्हणजे रंग — हे ज्ञान मी गिऱ्हाइकांना फुकट वाटायचो.

घर मात्र गावात, खाडीकाठी, मालवणपासून मोटरसायकलने अर्धा तास. गावाचं नाव लिहीत नाही, गाववाले मला सोडायचे नाहीत. आमच्याकडे गावपळण असते. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री... सगळी. पुन्हा कौल मिळेपर्यंत कोणी आत पाऊल टाकायचं नाही. का, असं विचारलं तर जुनी माणसं म्हणतात, "ते दिवस तेंचे." तेंचे म्हणजे कोणाचे, ते कोणी सांगत नाही. मी त्याला फुकटची पिकनिक म्हणायचो.

२००९ च्या थंडीत गावपळण लागली आणि नेमका तेव्हाच माझा चुलतभाऊ सुनील जहाजावरून सुट्टीला आला. दुकानासाठी मी त्याच्याकडून मोठा फुल एचडी टीव्ही आणि ब्ल्यू-रे प्लेअर मागवला होता. सोबत त्याने स्वतःची एक डिस्क आणलेली — फावडेवाल्याचा नवा सिनेमा! बर्फातल्या गावात मुखवटा घालून फावड्याने माणसं मारणारा हा इसम. त्याचे जुने सहाही भाग मला तोंडपाठ. कोण कितव्या मिनिटाला मरतो तेसुद्धा. मग मालिका बंद पडली, ती इतक्या वर्षांनी नव्याने सुरू केलेली. जुन्या कॅसेटींत अंधार म्हणजे नुसता राखाडी चिखल असायचा. सुनील म्हणाला, "हेच्यातलो काळोख बघ रे. काळोख म्हणजे काळोखच!"

पण बघायला वेळ कुठे? घराघरात बांधाबांध चाललेली. टीव्ही तात्पुरता घरी लावला, डिस्क प्लेअरमध्ये घातली तेवढीच, आणि आम्ही वेशीबाहेर. गावपळण संपली की दुसऱ्याच दिवशी सुनील डिस्क घेऊन जहाजावर परत जाणार. माझा जीव नुसता वरखाली.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण खरं तर हे सगळं तिचंच आहे. माझे बाबा ट्रॉलरवर खलाशी होते. २००० साली ट्रॉलर उलटला. बाकीचे पोहत किनाऱ्याला लागले, बाबा नाही लागले. देहही मिळाला नाही. भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या. आईने त्यांना खळ्यातूनच, घरापुढच्या अंगणातूनच, परत पाठवलं. "जित्या माणसाची क्रिया करतत? लाजो नाय तुमका?" नऊ वर्षं ती कुंकू लावून, रोज होड्या यायच्या वेळेला किनाऱ्यावर. आमची यावरून भांडणं व्हायची. एकदा मी रागाच्या भरात बोलून गेलो, "तुझ्या हट्टापायी बाबांका पाणीसुदा मिळणा नाय." त्यानंतर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. माझी जीभ झडली कशी नाही देव जाणे.

तर गावपळणीचा दुसरा दिवस, दुपार. "कुर्ले पकडूक जातंय गो आये," अशी खेकड्यांची थाप मारून मी ओहोटीच्या पाण्यातून गुपचूप गावात शिरलो. रिकामा गाव तुम्ही कधी ऐकलाय? कोंबडं नाही, कुत्रं नाही, विहिरीवरचा रहाट नाही. माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा झाला, तेव्हा त्या हातात घेतल्या. तरी म्हटलं, आलोच आहे तर बघूया. घरात शिरून मेन स्विच चालू केला, खिडक्या बंद केल्या. दार मात्र उघडंच ठेवलं. ते माझ्या पाठीशी, त्यापलीकडे पडवी आणि मग खळं. आवाज फुल.

सिनेमा सुरू झाला. अर्ध्या तासाने नायिका तळघरात उतरते, तिची मेणबत्ती विझते आणि पडदा पूर्ण काळा होतो. आवाज फक्त तिच्या श्वासाचा. सुनील खोटं बोलला नव्हता, काळोख म्हणजे काळोखच होता. टीव्हीची काच चकचकीत. त्या काळ्या काचेत मला माझ्या पाठीमागचं उघडं दार दिसलं आणि दारातून खळं दिसलं.

खळं माणसांनी भरलेलं होतं.

कोणी जाळं दुरुस्त करत होतं, कोणी पान लावत होतं, बायका एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. सगळे निवांत, आपल्या घरी बसल्यासारखे. पडवीच्या पायरीवर बाबा होते. होते तसेच, पन्नाशीचे, अर्धवट पिकलेल्या दाढीचे. एका बाईच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून पडलेले, आणि ती त्यांच्या केसांतून हात फिरवत होती. बाई तरणी, फार तर पंचविशीची. तिने मान वर केली आणि काचेतून सरळ माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. घरात कोण पाहुणा आलाय, एवढंच बघितल्यासारखं.

पडद्यावर बर्फ आलं, लख्ख पांढरं. मी वळलो. खळ्यात ऊन, बाकी काही नाही. मग तो काळा प्रसंग मागे नेऊन नेऊन पुन्हा लावला, थांबवून ठेवला. काचेत दार, रिकामं खळं आणि माझं तोंड. देवाशप्पथ सांगतो, भीती नाही वाटली. छाती भरून आली. हे त्यांचं घर होतं, चोरासारखा शिरलो होतो तो मी. हात जोडून म्हटलं, "चुकलंय म्हाराजा," मेन बंद केला आणि मागे न बघता निघालो.

झोपडीपाशी आई बांगडे कापत बसली होती. माझं तोंड बघून तिने विळी बाजूला सारली. मी सगळं सांगून टाकलं, त्या बाईचं तेवढं सोडून.

"रे मेल्या! गावपळणीत गावात गेलंस?" मग आवाज एकदम खाली. "बरे होते?"

"बरे होते. निजलेले."

"एकटेच?"

नऊ वर्षं नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईला काय सांगणार, की तो एका तरण्या बाईच्या मांडीवर होता? माझ्याच मनात नको ते येऊन गेलेलं.

"खरा सांग, झिला."

"बायल माणूस होता एक. तरणा. तेंच्या केसांतसून हात फिरवी होता."

आईने स्वतःच्या हनवटीला बोट लावलं. "हंयसर गोंदलेला? तीन ठिपके?"

होते. तीन हिरवे ठिपके, हनवटीवर. मी ते तिला सांगितलेच नव्हते.

"तुझी आजी ती," आई म्हणाली. "तुझे बाबा तीन वर्षांचे आसताना गेली. मीया पण बघूक नाय, फोटोसुदा नाय तिचो. ते म्हणीत, आवशीचो चेहरो आठवना नाय माका, हनवटीवरचे ठिपके तेवढे आठवतत." बोलता बोलता ती हसायला लागली, हसता हसता रडायला. "पोचले रे ते. आवशीकडे पोचले."

गाव भरल्यावर भटजींना तिनेच निरोप धाडला. क्रिया केली. पुतळ्याच्या तोंडात पाणी घातलं, आधी तिने, मग मी.

याला आता वर्ष होत आलंय. काचेतलं प्रतिबिंब, उन्हातून आल्यावरचे डोळे, मनातली टोचणी... ही सगळी स्पष्टीकरणं मी स्वतःला देऊन बघितली. ठिपक्यांपाशी येऊन प्रत्येक अडकतं. लहानपणी बाबांनी मलाही सांगितलं असेल आणि मी विसरलो असेन, असं सुनील म्हणतो. असेलही. मला काही कळलेलं नाही. आईला कळलंय, आणि ती आता रात्रभर झोपते.