आबांच्या गाडीचा हिटर

मंडळी, आज सकाळी मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांच्या चाळीस वर्षं जुन्या मोटारीतून पिंप्राळ्याहून धुळ्याला लग्नाला नेत होते. पारोळा सोडलं आणि पुढच्या काचेवर आतून वाफ धरली. माझ्या पायावर गरम पाणी ठिबकायला लागलं. डॅशबोर्डमागची हिटरची जाळी फुटली होती.

थांबत थांबत, पाणी ओतत आम्ही धुळ्यात रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका नानांकडे पोचलो.

मी म्हटलं, "नाना, हिटर बंदच करून टाका. आपल्याकडे कोणाला लागतो?"

"नाही," आबा म्हणाले, "दुरुस्तच करा."

लग्नाला उशीर होत होता. मी चिडले, "आबा, हट्ट कशाला?"

ते नानांना म्हणाले, "ही सातव्या महिन्यात झाली. एवढीशी होती. जानेवारीच्या थंडीत धुळ्याच्या दवाखान्यातून हिला घरी नेलं, ते याच हिटरच्या उबेत."

अडतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नाना अहिराणीत म्हणाले, "चिंता करू नको माय, बठ्ठं नीट व्हई जाई." म्हणजे सगळं नीट होईल. जेवणाचा उघडलेला डबा बाजूला ठेवून त्यांनी अख्खा डॅशबोर्ड खोलला, डाग देऊन जाळीची फुटलेली जागा बुजवली, पाण्यात बुडवून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं.

लग्न लागून गेलं होतं. जेवायला तेवढे पोचलो. परतताना भर उन्हात मी पाच मिनिटं हिटर लावला. आबा घामाघूम झाले, पण हसत होते.

नानांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. तुमच्या घरातल्या मोठ्यांच्या एखाद्या हट्टामागचं कारण तुम्ही कधी विचारलंय का?