शिमल्याची आत्या

श्रावणात भाटघरच्या धरणाची दारं उघडली की सगळा गाव पाण्याकडे बघत उभा राहायचा आणि आमची आत्या पाण्याकडे पाठ करून आमच्याकडे बघत उभी राहायची. पाणी धबाधबा कोसळतंय, तुषार पार रस्त्यापर्यंत येतायत, बायाबापड्या कानांवर हात धरून उभ्या आहेत, आणि ही बाई डोक्यावरचा पदर सावरत माझ्या, दत्तूच्या आणि धाकट्या नामाच्या तोंडाकडे टक लावून बघतेय. "आत्या, तिकडं बग की," म्हटलं तर म्हणायची, "पानी काय, उद्याबी हाय. तुमी बगा. म्या बगतीया माजं."

तिचं 'माजं' म्हणजे आमची तोंडं. जत्रेत डोंबाऱ्याची पोर दोरीवर चढली तरी हेच, गोठ्यात गाय व्याली तरी हेच. गावातली माणसं कसली गप्प बसतात. "सखू आली, पर डोस्कं शिमल्यालाच ऱ्हायलं," असं तिच्या देखत म्हणायची. ती ऐकून घ्यायची. शिमल्याची आत्या हे नाव तिला गावानेच दिलं आणि पुढे आम्ही घरातली पोरंही तिला तेच म्हणायला लागलो.

आबांची ती धाकटी बहीण. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली, तेव्हा ही बोचकं घेऊन भावाकडे आली. तेव्हा धरणाचं काम जोरात होतं. वरच्या बंगल्यातल्या साहेबाला मुलं सांभाळायला बाई हवी होती. आत्या गेली आणि तिथलीच झाली. साहेबाचा धाकटा मुलगा, ती त्याला बाबा म्हणायची, तिच्या कडेवरच वाढला. ही पोरं आपल्याकडच्या उन्हात जन्मली, त्यांनी बर्फ कधी पाहिलाच नाही, याचं मडमेला मोठं दुःख होतं. म्हणून एका नाताळात ती सगळं घर उचलून शिमल्याला घेऊन गेली, आणि पोरं म्हटली की आत्या आलीच. पुढे धरण झालं, साहेब बिऱ्हाड आवरून विलायतेला गेला. आत्या एक पत्र्याची पेटी आणि बाबाची निळी लोकरीची टोपी घेऊन परत आमच्या ओसरीवर आली.

साहेबाच्या घरात राहिलेली म्हणून आई तिचं ताट वेगळं ठेवायची. आई वाईट नव्हती. "वन्सं, अजून भाकरी घ्या," असं आग्रहाने वाढायची, पण ताट वेगळंच. आत्या जेवण झालं की ते स्वतः घासायची, कोनाड्यात पालथं घालायची आणि आमच्यात येऊन बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "ताट आपलं आपल्याला बरं. कुणाचं उष्टं न्हाई, कुणाचं खरकटं न्हाई."

बर्फ कसा असतो, हे सांगायची वेळ आली की मात्र आत्याचं घोडं अडायचं. संध्याकाळी अंगणात शेकोटी पेटवायची, आम्ही तिला चिकटून बसायचो, दत्तू विचारायचा, "आत्या, बरफ म्हंजी काय गं?" ती म्हणायची, "पांडरा असतोय. गार असतोय. वरनं पडतोय, आवाज करत न्हाई." संपलं. आम्हाला राग यायचा. एवढी दिल्ली ओलांडून गेलेली बाई आणि सांगते काय, तर गार असतो. पण बाबाचं सांगायला लागली की शेकोटी विझून राख व्हायची तरी तिचं संपायचं नाही.

"सकाळची व्हरांड्यात हुबी व्हते, बाबा कडंवर. तिकडं मडम, सायेब, समदी आभाळाकडं बगत्यात. आन् बाबाच्या पापनीवर पयला बरफ पडला. त्यानं श्वास धरला. त्वांड उगडं. येवढंसं त्वांड त्ये, आन् त्यात नवाल मावना. आन् मंग त्यानं वळून बगितलं. कुणाकडं बगितलं? माज्याकडं. आयेकडं न्हाई, माज्याकडं. जनू म्याच पाडला त्यो बरफ." एवढं बोलून ती आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघायची. मग सांगायची, "मला बरफ नगं. त्यो म्या बगितलाय. मला तुमची तोंडं बगायची हायेत, पयल्या बरफातली. आन् लवकर बगाय पायजेत. पोरगं मोटं झालं की बरफ नुसता बरफ ऱ्हातो."

म्हणून दसरा झाला की तिची तयारी सुरू. सुताचा दोरा घेऊन ती आम्हाला भिंतीशी उभं करायची, डोक्यापासून घोट्यापर्यंत माप घ्यायची आणि भोरच्या विणकराकडून आम्हाला पुरतील अशी लहान घोंगडी विणून आणायची. वर्ष सरायचं, जाणं व्हायचं नाही, घोंगडी आखूड पडायची. पुढच्या दसऱ्याला दोरा पुन्हा बाहेर. विणकर म्हणायचा, "सखूबाई, एकदाच मोटं घ्या की, पोरं वाडत्यात." आत्या म्हणायची, "मोटं घेऊन कसं चालंल? औंदा जायाचंय." बाबाची निळी टोपी आमच्या तिघांच्या डोक्यावर घालून बघितली जायची. माझ्या डोक्यावर ती कधीच बसली नाही. नामाला एक वर्ष बरोबर आली, नंतर त्याच्याही टाळूवर नुसती ठेवल्यासारखी दिसायला लागली.

झोपताना वाट म्हणायची. रामरक्षा म्हणतात तशी. पुणं, मग मनमाड, मग दिल्ली, मग कालका, मग बोगद्यातून जाणारी लहान गाडी. नामाला उजळणी यायच्या आधी ही वाट पाठ झाली होती. आणि थंडीची सवय व्हावी म्हणून पहाटे धरणाच्या काठी नेऊन आत्या आम्हाला हात पाण्यात बुडवून बसायला लावायची. "हात काखंत घालायचा न्हाई. नाकानं श्वास घ्या. शिमल्याला रडाया लागलं तर बगायचं ऱ्हाऊन जातं." आई दारातून ओरडायची, "वन्सं, पोरं मारताय का काय थंडीनं." आम्ही कुडकुडत घरी यायचो, चुलीपुढे बसायचो आणि पुन्हा दुसऱ्या पहाटे आत्याच्या मागे निघायचो. आम्हाला बर्फ हवाच होता.

घोडं अडायचं आबांपाशी. आबा तसे बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हते, पण ऐन थंडीत रानात ज्वारी उभी, पाखरं राखायची, बैल कुणी बघायचे? शिवाय त्यांना मूळ गोष्टच पटायची नाही. "थंडी बगाया येवढं लांब जायाचं? थंडी हितं फुकट मिळतीया. औंदा न्हाई, फुडल्या साली बगू."

"फुडल्या साली तू तितंच आसशील, दादा. पोरं तितं नसत्यात," आत्या म्हणायची.

एका वर्षी मात्र पीक बरं आलं आणि आत्याने इतका धोशा लावला की आबा म्हणाले, "बरं बाई. पोरास्नी घिऊन जाऊ. संक्रांत हू दे." झालं. आत्याच्या लेखी आम्ही गाडीत बसलोच होतो. त्या वर्षी ती चालताना गुणगुणायची, आईच्या हातचं काम ओढून घ्यायची. आणि शेवटची परीक्षा म्हणून तिने ठरवलं की आम्ही पौषात एक रात्र वेल्ह्याकडच्या डोंगरावर काढायची. माझे मामा मार्गासनीला होते, त्यांच्या ओळखीचा एक धनगरवाडा वर पठारावर होता. "तितं एक रात काडली की शिमला जड न्हाई," आत्या म्हणाली.

मार्गासनीपर्यंत ती आमच्याबरोबर आली आणि तिथे तिला हिवताप भरला. अंगावर दोन वाकळा घातल्या तरी दात वाजत होते. मामा म्हणाले, राहू दे, पुन्हा बघू. आत्या ऐकेना. "न्हाई. पोरास्नी न्या. माज्यापायी खोळंबा नगं." तशीच उठली, आमच्या अंगावर घोंगडी बांधली, नामाच्या टाळूवर टोपी ठेवली आणि आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

सकाळी आम्ही धनगराच्या खोपटातून बाहेर आलो तर सगळं पठार पांढरं. गवत पांढरं, शेळ्या कोंडायच्या वाघराच्या जाळीच्या दोऱ्या पांढऱ्या, शेळ्यांच्या पाठीसुद्धा. परातीत रात्री ठेवलेल्या पाण्यावर काचेसारखी साय धरली होती. दत्तूने बोटाने दाबली, ती कडकन फुटली. मी काय केलं ते मला आठवत नाही. नामा मात्र डोळ्यांपुढे आहे. त्याने एक पांढरी काडी उपटून जिभेवर ठेवली, श्वास धरला, आणि वळून बघितलं. मागे धनगराची म्हातारी शेळीची धार काढत होती. ती बोळक्या तोंडाने हसली. "दहिवर गोटलंय, लेकरा," म्हणाली. ऊन आलं आणि बघता बघता सगळं ओलं झालं.

आम्ही डोंगर उतरलो तो धावतच. आत्याचा ताप उतरला होता, भिंतीला टेकून पेज पीत होती. तिघेही एकदम ओरडलो, "आत्या, बरफ बगितला. वर बरफ पडलाय."

वाटी तिच्या हातातच राहिली. "कुठं?"

दत्तूने सांगितलं, मी सांगितलं, परातीचं सांगितलं, शेळ्यांचं सांगितलं. मामा म्हणाले, "बर्फ न्हवं सखूताई, दव गोटलं. असं लई वर्सांनी हुतं." आत्याने मामांकडे बघितलंही नाही. तिने नामाला जवळ ओढून घेतलं.

"श्वास धरलावता?"

"व्हय."

"मंग? मंग कुणाकडं बगितलंस रं?"

"म्हातारीकडं," नामा म्हणाला. तो पाच-सहा वर्षांचा पोर, त्याला काय ठाऊक.

आत्या थोडा वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. कुणीतरी व्हतं म्हंजी." आणि उरलेली पेज तिने प्यायली नाही.

घरी आल्यावर आबांना आनंदच झाला. "झालं की मग. पोरांनी बरफ बगितला, घरच्या घरी. आता शिमल्याचं काय नडलंय?" मला वाटलं, आत्या आता भांडेल. हा बर्फ नव्हे, खरा बर्फ वरून पडतो, असं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "व्हय दादा. बगितला त्यांनी," आणि ताट घासायला उठली. त्या दसऱ्यानंतर सुताचा दोरा पुन्हा निघाला नाही. नामा सवयीने झोपताना पुणं, मनमाड सुरू करायचा, तर ती म्हणायची, "नीज आता." धरणाची दारं उघडायची तेव्हाही ती घरीच राहायला लागली. आखूड पडलेली ती सगळी घोंगडी एकाला एक शिवून तिने आपल्यासाठी एक पांघरूण केलं. इतक्या माणसांच्या घरात ते पांघरूण ओढून बसलेली आत्या मला आजही डोळे मिटले की दिसते, आणि दर वेळी एकटीच दिसते.

नशिबाची गंमत बघा, तिघांपैकी शिमल्याला गेले ती मी. माझं लग्न सरकारी कचेरीतल्या कारकुनाशी झालं आणि लढाईच्या काळात कचेरीने आम्हाला तिकडे नेलं. पुणं, मनमाड, दिल्ली, कालका; खिडकीशी बसून मी वाट पुटपुटत गेले. बर्फ पडायला लागला तेव्हा हे कचेरीत होते. मी भाड्याच्या खोलीतून धावत रस्त्यावर आले. पांढरा होता, गार होता, आवाज नव्हता. आत्याने एक शब्द खोटा सांगितला नव्हता. माझा श्वास धरला गेला आणि मी वळले. मागे कुणी नव्हतं. एक हमाल पाठीवर ओझं घेऊन खाली मान घालून चढ चढत होता, तो तसाच निघून गेला. मी पुन्हा खोलीत आले आणि दार लावून पुष्कळ रडले.

पुढच्या उन्हाळ्यात माहेरी आले. आत्या खूप वाळली होती. ती आमची शेवटची भेट, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आल्या आल्या तिने मला ओसरीवर उजेडाकडे तोंड करून बसवलं, स्वतः समोर बसली आणि म्हणाली, "आता सांग. सावकाश सांग."

मी सांगायला लागले. मी रस्त्यावर कशी धावले, केसांवर कसा पडला, सगळं. बोलता बोलता लक्षात आलं की ही ऐकत नाहीये. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तसंच, लहानपणी धरणावर बघायची तसं.

"आत्या, ऐकतीयास ना?"

"बोल तू. म्या बगतीया माजं."

मी बोलत राहिले. श्वास कसा धरला तेही सांगितलं, अगदी धरून दाखवला. आत्या पुढे वाकली, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली. मग हळूच मागे टेकली.

"न्हाई गं बाय," ती म्हणाली. "लई मोटी झालीस तू."

आणि ते जोडाजोडीचं घोंगडं गुडघ्यांवर ओढून घेत तिने मला विचारलं, जेवलीस का.