बोटभर वाढ

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडील लातूरला ट्रक चालवायचे, म्हणून त्यांनी मला भोकरला मामाकडे ठेवलं. तिथं मला कुणी मारलं नाही, टाकून बोललंही नाही. मामीच्या तिन्ही लेकरांचं जेवण झालं की उरलेलं मी घ्यायची. काही उरलं नसलं तर पाणी पिऊन झोपायची. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

सातवीत शाळेत बाईंनी सगळ्यांची उंची मोजली. माझी पाहिली आणि जुनं रजिस्टर काढलं. पाचवीपासून मी जेमतेम बोटभर वाढले होते. वर्गातल्या बहुतेक मुली तोवर ओढणी घ्यायला लागल्या होत्या. खालच्या वर्गातल्या मुलीही मला लहान समजून बाजूला सारायच्या.

बाईंनी मला जवळ बसवलं. काल काय जेवलीस म्हणून विचारलं. जेवले, एवढंच मी म्हणाले. मग त्यांनी माझे केस बाजूला केले. कानामागं उवांनी जखमा झाल्या होत्या.

"केस विंचर, आंघोळ कर, असं घरात कोण म्हणतं गं तुला?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले. मला रडू आलं नाही. बाईंनाच आलं.

त्या मामाकडे जाऊन आल्या. पोरीची चणच बारीक आहे, असं मामानं सांगितलं. तेव्हा बाईंनी वडिलांना फोन केला. चौथ्या दिवशी वडील आले, दारातच थांबले आणि माझ्याकडं बघत राहिले. नांदेडला डॉक्टरांनी अंगात रक्त फार कमी असल्याचं सांगितलं. वडिलांनी मला तिथल्याच वसतिगृहात घातलं. भोकरहून निघताना बाईंनी पाळीबद्दल सगळं समजावून सांगितलं होतं. ती आली पंधराव्या वर्षी. मी पॅड घेतलं आणि तासाला जाऊन बसले. आनंद नाही, भीतीही नाही.

गेल्या वर्षी मामेभावाच्या लग्नात मामी शेजारी येऊन बसली. माझ्या पाठीवरून हात फिरवत पाहुण्यांना म्हणाली, "लई शांत लेकरू होतं हे. कधी काही मागितलं न्हाई."

"हाव," म्हणत मी मान हलवली.