आबांच्या रक्तातला बोकड

चूक माझीच. मी देवपूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, आणि उदाहरण दिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, प्लेटलेट पार तळाला गेल्या होत्या. हातावर निळे डाग, कळण्याच्या भाकरीचा तुकडा तोडला की हिरड्यांतून रक्त. जळगावच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन सांगितलं. "त्यात काय शे?" आबांनी मला विचारलं.

आबा शाळेत शिपाई होते. शाळेची घंटा म्हणून कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा ठोकायचा, हे त्यांचं काम. एकदा एका बोकडाने शिंगं घासताना तो वाजवला, वेळेआधीच शाळा सुटली आणि आबांना मेमो मिळाला. हा अन्याय ते आम्हाला जन्मभर ऐकवत आले.

मी म्हटलं, "आबा, रक्त बनवणाऱ्या पेशींवर रिसेप्टर असतात, ती तुमची घंटा. शरीराचं हार्मोन येऊन ती वाजवतं, मग प्लेटलेट बनतात. इंजेक्शनातले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, हार्मोनसारखे अजिबात दिसत नाहीत. पण घंटा तीच वाजवतात. तुमच्या बोकडासारखे."

झालं! आबा ताडकन उठले. "मना रक्तमा बोकड सोडस का? माले नको!"

पंधरा दिवस हा माणूस हटून बसला. मी चिडले, रडले, जेवण सोडलं. मला त्यांच्या मरणाची भीती वाटत होती आणि त्यांना बोकडाचा राग सुटत नव्हता. शेवटी एका सकाळी उशी लाल झालेली दिसली, तेव्हा घाबरून म्हणाले, "चल, सोड तुना बोकड."

मग दर सोमवारी दवाखान्यात तेच. नर्सबाई हसत विचारायच्या, "आबा, बोकड आणला का?" आणि ते गंभीरपणे दंड पुढे करायचे. एकदा तर डॉक्टरसुद्धा "बोकडाचा डोस थोडा वाढवू" असं म्हणून गेले आणि मग स्वतःच लाजले.

दीड महिन्याने रिपोर्ट आला. प्लेटलेट छान वाढल्या होत्या. मी बसस्टँडवरच रडायला लागले. आबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"माय, एक सांगू का?" ते हळूच म्हणाले. "त्या मेमोना दिवशी बोकडनी घंटा येळवरच वाजाडी व्हती. मीच झोपेल व्हतू."